जोत्याची उंची

आमच्या विधी महाविद्यालयाच्या नव्या इमारतीच्या नकाशात सगळ्यात आधी काय काढायचं, यावरून आमच्या समितीत बरेच महिने वाद चालू आहे. माझी बाजू बैठकांमध्ये तुकड्यातुकड्यांनी मांडून झाली. इथे ती सलग मांडते.

मी सांगलीत दिवाणी वकिली करते आणि सकाळच्या सत्रात विधी महाविद्यालयात दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवते. वकिली करणाऱ्याला दिवसाला जास्तीत जास्त तीन तास शिकवता येतं, असा बार कौन्सिलचा नियम आहे. ते तास माझ्या दिवसातले सगळ्यात आवडते. संस्थेनं नवी इमारत बांधायचं ठरवलं तेव्हा कोर्ट आणि वर्ग दोन्ही रोज बघणारं कुणीतरी हवं म्हणून मला समितीत घेतलं. आर्किटेक्ट तरुण आहेत, कष्टाळू आहेत, आणि त्यांनी आणलेला पहिला नकाशा देखणा होता. चार उंच खांबांचा पोर्च, आत दुमजली ॲट्रियम, डावीकडे प्राचार्यांचं दालन आणि बोर्डरूम, उजवीकडे तीनशे खुर्च्यांचं सभागृह. गरजूंना मोफत कायदेशीर सल्ला देणारं विधी साहाय्य केंद्र शोधायला मात्र पान उलटावं लागलं. पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला, झेरॉक्सच्या खोलीला लागून, दहा बाय बाराची एक चौकट होती.

अशी चौकट प्रत्येक विधी महाविद्यालयाच्या नकाशात असते. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी असं केंद्र आवश्यक ठरवलं आहे. तपासणीच्या दिवशी पाटी, टेबल, चार खुर्च्या आणि नोंदवही दाखवता आली की बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर काम भागतं. उरलेल्या दिवसांत तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. यात कुणाची वाईट इच्छा असते असं मला वाटत नाही. ज्या माणसासाठी ती खोली आहे तो माणूस नकाशा काढताना कुणाच्या डोळ्यांपुढे नसतो, एवढंच.

तो माणूस मला रोज दिसतो. जिल्हा न्यायालय आता विजयनगरला आहे, मिरज रस्त्यावर. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लागायच्या आधीच जतहून, आटपाडीहून, शिराळ्याहून पहिल्या एसटीनं निघालेली माणसं येऊन थांबलेली असतात. पुकारा कधी होईल ते त्यांना माहीत नसतं. झालाच तर आत काय बोलायचं तेही माहीत नसतं. बहुतेकदा काहीच बोलावं लागत नाही, पुढची तारीख पडते. मग वकील सापडेपर्यंत थांबायचं, टायपिस्टपाशी थांबायचं, स्टॅम्प घ्यायला रांगेत थांबायचं. न्याय मागायला आलेल्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ थांबण्यात जातो आणि त्या थांबण्यासाठी नकाशात कुणी जागा काढलेली नसते. माणसं जिन्याच्या पायरीवर बसतात, गाडीच्या सावलीत बसतात, आणि कुणी उठवलं की काही न बोलता उठतात.

त्यांच्या हातात पिशवी असते. कापडाच्या दुकानातली जाड प्लॅस्टिकची, बंद जरा झिजलेले. एकदा कवठे महांकाळकडच्या एक मावशी आमच्या केंद्रात आल्या. दिरानं वाटणीत फसवलं, एवढंच त्यांना सांगता येत होतं. तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थिनीनं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे विचारलं, “मावशी, तुमच्याकडे कोणती कागदपत्रं आहेत?” मावशींनी पिशवीच पुढे केली. “ह्यात बघा की बाळा काय लागतंय ते. मला काय वाचाय येतंय?”

पिशवीतून निघालं ते असं: सातबाऱ्याचे वेगवेगळ्या सालांतले उतारे, एक फेरफार, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, विजेची बिलं, सोसायटीच्या कर्जाची नोटीस, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, आणि तळाशी चौघडी घातलेलं, घड्यांवर फाटलेलं जुनं खरेदीखत. दाव्याचा सगळा जीव त्या शेवटच्या कागदात होता. तो मांडायला टेबलावर जागा नव्हती. एक कागद उघडला की आधीचा खाली सरकवावा लागे आणि मावशींची नजर त्या सरकणाऱ्या कागदामागे जाई. आपले कागद परक्याच्या हातात गेले की या बायकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यांच्या अनुभवाला धरूनच ते असतं.

त्या दिवसापासून मला केंद्रात टेबल केवढं हवं हे नेमकं कळलं आहे. आठ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद, म्हणजे पिशवीतला प्रत्येक कागद उघडा, एकमेकांशेजारी ठेवता येतो. आणि विद्यार्थी अशिलाच्या समोर बसू नयेत, त्याच बाजूला बसावेत. समोर बसलं की आपोआप चौकशी सुरू होते. शेजारी बसलं की दोघंही कागदाकडे बघतात, आणि मग माणूस आपणहून बोट ठेवून सांगतो, “ही सही माझ्या मालकाची न्हवं.” उलटतपासाची कितीही प्रकरणं शिकवली तरी हे वर्गात शिकवता येत नाही. खोलीच शिकवते. आर्किटेक्टना मी सांगितलं, या टेबलापासून आराखडा काढायला लागा. त्याभोवती किती माणसं बसतील, त्यांच्या मागे किती थांबतील, त्यांना रस्त्यावरून आत कसं यायचं कळेल, पाणी कुठे प्यायचं, लेकरू झोपलं तर कुठे ठेवायचं, असं करत करत बाहेर या. पोर्च शेवटी.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक आकडा सांगितला. सहा फूट.

जागेचा प्रश्न इथे येतो. संस्थेची जमीन शहरात आहे, निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधली. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकामाला मनाई आहे. दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी मिळते, आणि मुख्य अट अशी की जोतं, म्हणजे तळाच्या फरशीखालचा उंचवटा, लाल रेषेच्या वर घ्यायचं. सांगलीकराला या रेषा समजावून सांगाव्या लागत नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे लोक एकमेकांची खुशाली विचारतात ती ‘आयर्विनला किती?’ अशी. १९२९ मध्ये झालेल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ वर धोका. २००५ मध्ये कृष्णा ५३ फुटांच्या पुढे गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४ च्या वर. सोळा वर्षांत तीनदा. पंचवीस वर्षं आणि शंभर वर्षं हे हिशेब गावभागात किंवा मारुती चौकात राहणाऱ्याला ऐकवून बघा.

आमच्या जागेवर लाल रेषा जमिनीच्या बरीच वर येते, म्हणून जोतं सहा फुटांचं. सहा इंचांची एक पायरी धरली तर बारा पायऱ्या. त्या मावशी गुडघ्यावर हात टेकत बारा पायऱ्या चढतील की रस्त्यावरूनच इमारतीकडे बघून परत फिरतील? व्हीलचेअरसाठी उतार हवा, त्याचं प्रमाण एकास बारा, म्हणजे सहा फूट चढायला बहात्तर फुटांचा उतार. मधले विसाव्याचे टप्पे धरले की ऐंशीच्या वर जातो. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आम्ही वर्गात शिकवतो, त्यामुळे उतार हवा यावर समितीत दुमत नव्हतं. पहिल्या नकाशात तो इमारतीच्या मागून, जनरेटरच्या शेजारून वर जात होता.

नदी म्हणते वर जा. अशील म्हणतो खाली या. या दोघांमध्ये मी कित्येक रात्री अडकून पडले होते.

नदीचं म्हणणं टाळता येत नाही, हे मला २०१९ नं शिकवलं. आमचं जुनं ग्रंथालय तळमजल्यावर होतं. पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हा खालच्या चार फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत अशी गच्च बसली होती की एकही ओढून काढता येईना. न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या, १८९९ पासून निघणाऱ्या ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’चे जुने खंड होते, तशीच ‘ए.आय.आर.’ची लांबच लांब रांग होती. ग्रंथपाल सरांनी फळ्याच स्क्रू काढून उतरवल्या. आम्ही पहिल्या मजल्यावरच्या वर्गांत बाक जोडून त्यावर खंड उभे केले, पंखे लावले, दर काही पानांमागे कोरा कागद घालत गेलो. साध्या कागदाची पुस्तकं बरीचशी वाळली, वाकडी झाली पण वाचता येतात. गुळगुळीत कागदाची पाठ्यपुस्तकं विटेसारखी एकजीव झाली होती, ती टाकावी लागली. गाळाचा वास पुढची दोन वर्षं त्या खंडांना होता. कुणी संदर्भासाठी उघडलं की वर्गभर पसरायचा.

पण त्या पुरातलं मला जास्त लागलेलं दुसरंच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या १२ व्या कलमात मोफत कायदेशीर मदत कुणाला मिळावी याची यादी आहे: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, कामगार, कोठडीतली माणसं. त्यातच मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांचा उल्लेख आहे आणि तिथे ‘पूर’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. पूरग्रस्ताला उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागत नाही. मी हे कलम दरवर्षी शिकवते. आणि ज्या आठवड्यांत या शहरातल्या हजारो माणसांना त्या कलमाची गरज होती त्या आठवड्यांत कायदा शिकवणारी आमची इमारत चिखलात बंद होती.

लोकांचे प्रश्न तरी कोणते होते! पंचनाम्यात नाव आलं नाही. घर वडिलांच्या नावावर, राहतो मुलगा, मदत कुणाला? भाड्यानं राहतो पण करार लेखी नाही. विम्याचा कागद पाण्यात गेला. खरेदीखत गेलं, तर घर आपलं राहील का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या वर्षाचं पोरगंसुद्धा देऊ शकतं. नोंदणी झालेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे असते, प्रमाणित प्रत मागता येते, घर कुठे जात नाही. दोन वाक्यांचं उत्तर. ते वेळेवर न मिळाल्यामुळे माणसं रात्र रात्र झोपली नव्हती. एका गृहस्थांनी ओल्या कागदांचा लगदा रुमालात बांधून माझ्या घरी आणला होता आणि तो सोडायला ते तयार नव्हते.

म्हणून नव्या इमारतीसाठी माझी मागणी दुहेरी आहे. एरवी तिच्यात शिरणं रस्त्याइतकं सोपं हवं, आणि पुरात, पाणी उतरायला लागलं की तिसऱ्या दिवशी, ती चालू व्हायला हवी. बंद पडणारी इमारत सांगलीला परवडणार नाही.

तोडगा निघाला तो समितीतल्या निवृत्त न्यायाधीशांच्या एका प्रश्नातून. ते म्हणाले, “कृष्णेचा घाट दर पावसाळ्यात बुडतो. त्याचं काय नुकसान होतं?” काही नाही. घाट बुडण्यासाठीच बांधलेला असतो. पाणी येतं, जातं, गाळ धुतला की लोक पुन्हा पायऱ्यांवर बसतात. तळाची जागा बुडेल हे धरूनच ती का बांधू नये?

त्यातून दुसरा नकाशा आला. इमारत खांबांवर उचललेली. जोत्याच्या पातळीखाली बंदिस्त खोली घ्यायला परवानगी मिळणार नाही, हे आर्किटेक्टनी आधीच स्पष्ट केलं होतं. मग बंदिस्त नकोच. रस्त्याच्या बाजूला, तीन अंगांनी मोकळा, वर छप्पर असलेला, ओसरीसारखा एक मोठा सोपा. सांगली-कोल्हापूरकडच्या घरात सोपा म्हणजे काय ते सांगायला नको. तिथे कुणीही येऊन टेकावं, त्याला कुणी ‘काय काम आहे?’ असं दारातच विचारत नाही. आमच्या सोप्यात खाली शहाबादी फरशी, बसायला कडाप्प्याचे पक्के बांधलेले कट्टे, मधे तीच आठ फुटी टेबलं, सिमेंटची, वर कडाप्पा. विजेची सगळी बटणं आणि वायरी छतातून खाली आलेल्या, पाण्याच्या पातळीच्या वर संपणाऱ्या. लाकूड नाही, प्लायवूड नाही, कपाट नाही. एकही कागद रात्री तिथे राहणार नाही. नोंदवह्या आणि फायली रोज संध्याकाळी वर जाणार. पाणी येऊन गेलं की पाइप लावून धुवायचं आणि सकाळी बसायचं.

उताराचीही जागा बदलली. तो आता मागून जात नाही, सोप्याला वळसा घालत समोरून वर चढतो, आणि त्याच्या प्रत्येक विसाव्याच्या टप्प्यावर कट्टा आहे. ऐंशी फूट चालायचं ओझं वाटू नये म्हणून तो रुंद धरला आहे. विद्यार्थी, प्राचार्य, पाहुणे सगळ्यांनी त्यावरूनच जायचं, वेगळा भव्य जिना काढायचा नाही, असा माझा आग्रह आहे. यावर अजून एकमत नाही.

सोपा मोकळा आहे तसा एक धोकाही आहे, आणि तो दाखवला आमच्याच विद्यार्थिनींनी. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलायला आलेली बाई रस्त्यालगतच्या कट्ट्यावर बसून काय बोलणार? तिला तर कुणी बघूसुद्धा नये असं वाटतं. अशील आणि वकील यांच्यातल्या बोलण्याला कायदा संरक्षण देतो, पण त्या संरक्षणाला आधी दार लागतं. म्हणून उतार संपतो तिथेच, वरच्या पातळीवर, दोन बंद खोल्या घेतल्या आहेत. जाड भिंती, दाराला काच नाही, आत शिरायला दोन वाटा, म्हणजे समोर ओळखीचं कुणी दिसलं तर दुसरीकडून निघता येतं. ही दुसरी वाट सुचवणारी मुलगी स्वतः तीन वर्षं कौटुंबिक न्यायालयाच्या खेपा घालून मग कायदा शिकायला आली आहे. आर्किटेक्टनी तिच्याशी तासभर बसून त्या खोल्या पुन्हा काढल्या.

कंपाउंडवरून मात्र भांडण झालं. आठ फुटी भिंत, लोखंडी फाटक, सिक्युरिटीची केबिन, येणाऱ्याचं नाव-गाव-मोबाइल लिहून घ्यायची वही. संस्थेच्या दृष्टीनं यात गैर काहीच नाही, मुलींच्या सुरक्षिततेची काळजी खरी आहे. मी एवढंच विचारलं, आपल्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, ते बघितलंय का? औंध संस्थानानं १९३९ मध्ये वसवलेली कैद्यांची वसाहत, भिंत नसलेली. शिक्षा झालेली माणसं तिथे बायकामुलांसह राहतात, शेती करतात. आजही ती चालू आहे. दर वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जातो आणि परत येताना गाडीत सगळे गप्प असतात. जिथे कैद्याला भिंत लागली नाही त्या जिल्ह्यात कायदा विचारायला येणाऱ्याला फाटकापाशी मोबाइल नंबर लिहून द्यायला लावायचा? सोपा आणि उतार फाटकाच्या बाहेर राहतील, वर्ग आणि ग्रंथालय आत, असं शेवटी ठरलं. मला हे पटलेलं आहे. मुलींची सुरक्षितता मलाही हवीच आहे.

मूट कोर्टबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या लुटुपुटीच्या न्यायालयाबद्दल, सांगलीत बोलणं जरा अवघड आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे पहिलं मराठी नाटक केलं, तेव्हापासून कुठलंही दालन काढा, आमचा माणूस त्यात रंगमंच काढतो. पहिल्या नकाशात मूट कोर्टाला चार फूट उंच व्यासपीठ, पडदा आणि प्रकाशयोजना होती. खऱ्या कोर्टात युक्तिवाद करणाऱ्याला प्रेक्षक नसतात. त्याला न्यायाधीशांचं पेन दिसायला हवं. पेन चालू आहे, थांबलं, खाली ठेवलं, यावरून आपला मुद्दा कुठे पोचला ते कळतं. पेन थांबलं असेल तर वाक्य तिथेच सोडून द्यायचं असतं. दहा-बारा फुटांच्या पलीकडून हे दिसत नाही. म्हणून मूट कोर्टाची खोली लहान हवी, न्यायाधीशांचं आसन फूट-दीड फूट उंच, साक्षीदाराचा पिंजरा दोघांनाही तोंड दिसेल असा.

मागे लोकांना बसायला बाक मात्र हवेत. फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३२७ वं कलम, जे आता नागरिक सुरक्षा संहितेत ३६६ वं झालं आहे, सांगतं की न्यायालयाची जागा खुली असते, आणि तिथे सोयीनं मावतील तितक्या लोकांना येता येतं. दिवाणी संहितेतही तसंच कलम आहे. मला या कलमाचं फार अप्रूप वाटतं. न्याय उघड्यावर व्हावा हे मोठं तत्त्व, आणि त्याला मर्यादा घातली आहे ती खोलीच्या आकाराची. म्हणजे खोली केवढी बांधायची हे ठरवणारा माणूस नकळत त्या तत्त्वाचं माप ठरवत असतो. त्याच कलमात बलात्कारासारख्या खटल्यांची सुनावणी बंद दाराआड घ्यायलाही सांगितलं आहे. बिचकलेल्या साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळी सोय हवी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला. आमच्या मूट कोर्टाला लागून तशी एक छोटी खोली घेतली आहे, पडद्यावरून साक्ष देता येईल अशी. पोरांनी सराव करताना एकदा तरी त्या खोलीत साक्षीदार म्हणून एकटं बसून बघावं.

सभागृहाच्या विरोधात मी सरळ मत दिलं. वर्षातून दोनदा मोठा कार्यक्रम होतो, त्यासाठी भावे नाट्यमंदिर भाड्यानं मिळतं. त्या पैशांत साठ-साठच्या तुकडीचे वर्ग नीट होतात, प्रत्येकाला दोन बाजूंनी खिडक्या देता येतात.

ग्रंथालय सगळ्यात वरच्या मजल्यावर जाणार, यात चर्चाच झाली नाही. फक्त ते आजच ठरवावं लागतं. वर्गाच्या फरशीवर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरतात, पुस्तकांच्या रॅकखाली किमान ६, म्हणजे दुप्पट. तुळया आणि खांब त्या हिशेबानं घातले नाहीत तर नंतर पुस्तकं वर नेता येत नाहीत आणि पुढच्या पुरात पुन्हा बाक जोडून पंखे लावावे लागतात. किती पुस्तकं ठेवायची यावर ग्रंथपाल सर आणि मी बराच वेळ बोललो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. १ जुलै २०२४ ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि रॅकभर टीकाग्रंथ एका दिवसात जुने झाले. तरी जुने खटले जुन्याच कायद्यानं चालायचे आहेत, ते ग्रंथ अजून कित्येक वर्षं लागतील. आणि या भागात संस्थानी काळ जमिनीतून अजून वर येतो. पटवर्धनांची संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, पण इनामाच्या एखाद्या दाव्यात त्या वेळची सनद आजही दाखल होते. असली सामग्री कुठल्या संकेतस्थळावर मिळत नाही. ती ठेवायची, पुराच्या पाण्याचा वास असलेले खंडही ठेवायचे, बाकी जागा बसून वाचणाऱ्यांना द्यायची. जतहून पहिल्या गाडीनं येणारी मुलं तास संपल्यावर परतीच्या एसटीपर्यंत स्टँडवर बसतात. त्यांना टेबल, दिवा आणि डबा खायला वेगळी खोली हवी. बाळ घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनी आता प्रत्येक तुकडीत आहेत. हिरकणी कक्ष ग्रंथालयाच्याच मजल्यावर घेतला आहे, खाली नाही, कारण त्यांना वाचायचं असतं.

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून संस्थेचा उत्साह वाढला आहे आणि तो रास्त आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर या सहा जिल्ह्यांनी त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली. आमचे विद्यार्थी आता सकाळी निघून उच्च न्यायालयाचं कामकाज बघून संध्याकाळी घरी येऊ शकतात. मुंबईच्या भाड्यापायी अपील न करणारी माणसं आता अपिलाचं विचारतील, आणि ती विचारायला आधी कुठे येतील? जिथे बसायला कट्टा आहे तिथे. उच्च न्यायालय जवळ आलं म्हणून इमारतीचा दर्शनी भाग भव्य करा, असं एक मत समितीत आहे. मला वाटतं, कट्टे वाढवा.

तिसरा नकाशा आता हातात आहे. सोपा, समोरचा उतार, दोन वाटांच्या खोल्या, वरचं ग्रंथालय, लहान मूट कोर्ट, हे सगळं त्यात आलंय. सभागृह अजून पेन्सिलीत आहे. पण माझं खरं काम आता अंदाजपत्रकाच्या बैठकीत आहे, कारण सोप्यावर बसणाऱ्या मावशींचा प्रश्न सल्ल्यानं संपणार नाही. वाटणीचा दावा दाखल करावा लागेल. विद्यार्थ्याकडे वकिलीची सनद नाही, तो कोर्टात उभा राहू शकत नाही. पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करायला बार कौन्सिलची मनाई आहे, तो वकीलपत्र घालू शकत नाही. माझ्यासारखे अर्धवेळ शिकवणारे जमेल तितक्या केसेस घेतात, पण आम्हाला आमचे अशील आहेत. म्हणजे विधी महाविद्यालयाचं साहाय्य कोर्टाच्या फाटकापाशी येऊन थांबतं आणि तिथून पुढे मावशी पुन्हा एकट्या.

यासाठी मी दोन गोष्टी मागणार आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांनी आठवड्यातले ठरावीक दिवस आमच्या सोप्यावर बसावं, तसा लेखी करार. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांत विधी महाविद्यालयांमधल्या अशा केंद्रांची तरतूद आहे, त्यामुळे दार ठोठावायला हरकत नाही. आणि दुसरं, बांधकामाच्या खर्चातच दोन पूर्णवेळ वकिलांचा आणि एका लिपिकाचा पाच वर्षांचा पगार धरायचा, सिमेंट-लोखंडाच्या ओळीखाली, त्याच तक्त्यात. इमारत झाल्यावर बघू, असं त्यावर उत्तर येईल हे मला माहीत आहे. पोर्चच्या चार खांबांना लावायच्या ग्रॅनाइटची रक्कम मी काढून ठेवली आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून नेणार आहे.